ल्यूकला खांदा

ल्यूकची शवपेटी पुढच्या खोलीत उघडी ठेवली होती आणि फिन्टन गीरी तिच्याकडे पाठ करून हॅम सँडविच खात होता. ल्यूकच्या बायकोला, डिम्फनाला, तो घास बघवेना.

"दोनच दिवसांचा तर प्रश्न आहे," फिन्टन म्हणाला. गावातला पब त्याचा होता आणि स्वागत समितीही त्याचीच. "उद्याच्या ऐवजी गुरुवारी. गुरुवारी साहेब येतायत. ल्यूकला स्वतः खांदा देतील. अगं, अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष! टीव्हीवाले असतील."

"माझा नवरा उद्या सकाळी मातीत जायचाय."

"तो काय पळून जातोय कुठे?"

कुणीतरी फिसकन हसलं आणि मग खोकल्याचं सोंग केलं.

साहेबांचा खापरपणजा या क्लूनराह गावातून अमेरिकेच्या बोटीवर गेला, एवढ्या भांडवलावर गावानं आयर्लंडभर मिरवून घेतलं होतं. आडनाव एकच, म्हणून ल्यूक त्यांचा भाऊबंद ठरला. साहेब सत्तेवर असताना आले, तेव्हा त्याला सूट चढवून दोरीमागे उभा केला होता. "या आडनावाचे शंभर जण इथं दगडाखाली निजलेत," घरी आल्यावर बूट काढता काढता तो म्हणाला होता, "त्यातला ह्याचा कुठला, देव जाणे."

डिम्फनानं भिंतीकडे पाहिलं. कबर शेजाऱ्यांनी खणायची, घरच्यांनी फावड्याला हातही लावायचा नाही, ही इथली रीत. त्यासाठी ठरलेले चौघे शेजारी तिथं मांडीवर चहाचे कप घेऊन ओळीनं बसले होते. दुपार टळत आली तरी एकाच्याही बुटाला माती नव्हती.

"मॉसी, कबर खणून झाली?"

मॉसीच्या बापाची कबर ल्यूकनं भर बर्फात खणली होती.

"फिन्टन म्हणाला थांबा. फादरची पण हरकत नाही म्हणे." मग जरा धीर करून म्हणाला, "गावाचं नाव होईल गं. चार पाहुणे येतील, चार पैसे येतील. ल्यूकलाही आवडलं असतं."

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं तिनं ऐकली होती, पण ती आपल्याच घरात, आपल्याच बशीतून खाताना आज बघत होती. या लोकांबरोबर ती तीस वर्षं एका बाकावर बसून प्रार्थना करत आली होती, त्याचीही तिला किळस आली.

ती उठली. मागच्या पडवीतून तिनं फावडं घेतलं आणि काळ्या कपड्यांतच रस्त्याला लागली.

रस्ताभर अमेरिकेची निशाणं लागत होती. खाटीक शिडीवर चढून दुकानाची पाटी रंगवत होता. फावडं घेऊन निघालेली विधवा पाहून त्याचा ब्रश हवेतच राहिला. असं या गावात कधी कुणी पाहिलं नव्हतं. नवऱ्याची कबर बायकोला खणावी लागली, याहून मोठी नामुष्की शेजाराला नव्हती.

चर्चमागे ल्यूकच्या आईवडिलांशेजारची जागा मोकळी होती. डिम्फनानं फावड्यावर टाच दिली. हिरवळ चिवट होती. पहिलं ढेकूळ निघेपर्यंत तिचा श्वास फुलला.

फिन्टन धापा टाकत आला. मागे ते चौघे.

"अगं बाई, काय चालवलंयस! अख्खं गाव बघतंय!"

"बघू दे. तेवढंच तर येतं आपल्या गावाला."

मॉसी पुढे झाला. त्याचा चेहरा पार पडला होता. त्यानं फावड्यासाठी हात पुढे केला. "दे इकडं. अंधार पडायच्या आत खणतो आम्ही. अशी लाज नको काढूस आमची."

डिम्फनानं फावडं सोडलं नाही. माती बाजूला टाकली आणि वर न बघताच म्हणाली,

"राहू दे, मॉसी. खांदे जपा तुम्ही. गुरुवारी साहेबाला घ्यायचंय ना त्यांवर."