काकांचा हेडफोन

सुट्टीत शहर बघायला आलेल्या काकांनी संग्रहालयाच्या दारातच चित्रांची माहिती सांगणारा हेडफोन घेतला. काकूंनी स्वतःसाठी नको म्हटलं. एरवी काकांच्या तोंडून शब्द फुटत नसे, आता तर कानही झाकलेले. काकूंना रानच मोकळं मिळालं.

खिडकीशी एकट्याच बसलेल्या बाईच्या चित्रासमोर त्या चांगल्या मोठ्यानं म्हणाल्या, "मी तरी घरात दुसरं काय करते? परत गेले की लेकीकडे राहायला जाणार. कायमची."

काकांनी सावकाश मान डोलावली. हेडफोनमधल्या माणसाचं बोलणं त्यांना अगदी पटलेलं दिसत होतं.

निघताना काउंटरवरच्या मुलीनं हेडफोन परत घेतला आणि ती हसली. "अहो काका, हा तुम्ही सुरूच केला नव्हता!"

"माहितीये," काका म्हणाले.

काकूंना ती डोललेली मान आठवली.