पाठमोरा

भयकथांच्या मालिकेतल्या हजारो वर्षांच्या सैतानाला चित्रकार बाईंनी प्रत्येक मुखपृष्ठावर पाठमोराच काढला होता. शेवटच्या भागात तो मरणार, म्हणून प्रकाशकांना आता त्याचा चेहरा हवा होता.

सकाळपासून बाई चेहरा रंगवत होत्या, आणि रंग वाळला की कॅनव्हासवर पुन्हा त्याची पाठच दिसत होती.

“जगाला घाबरवतोस आणि मला तोंड दाखवायला लाजतोस होय रे, मेल्या? बस मग भिंतीकडे!” बाईंनी चिडून कॅनव्हास फिरवला आणि चित्राची बाजू भिंतीला लावली.

मागच्या कोऱ्या कापडावर कपाळ उमटलं. मग नाक, मग ओले डोळे.

बाई तसूभरही मागे सरल्या नाहीत. त्यांनी कुंचला उचलला. “आता हलू नकोस,” त्या म्हणाल्या.

ओठ उमटले.

“तुम्हीही नका हलू, बाई.”