एक टप्पा पाठीनं

"आता पाठीनं," आचारी म्हणाला आणि त्यानं रिव्हर्स टाकला.

मेसची लांब व्हॅन डोंगर उलटी उतरू लागली. मोठा रस्ता सकाळीच दरडीखाली गेला होता. उरला हा जुना, त्याच्या वळणांवर लांब गाडी वळायला जागाच नाही. म्हणून एक टप्पा तोंडानं उतरायचा, पुढचा पाठीनं. बोगद्याच्या कामावरच्या पट्टीच्या ड्रायव्हरांनी हात वर केले होते. मोठा रस्ता व्हायच्या आधी आचारी दोन वर्षं इथूनच भाजी आणायचा, हे तेव्हा सगळ्यांना आठवलं.

मागं गादीवर वायरमन पोट धरून कण्हत होता. अपेंडिक्स फुटायच्या आत इस्पितळ गाठा, असं डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं. त्याचं डोकं स्टोअरकीपरच्या मांडीवर होतं. हा गृहस्थ सहीशिवाय खिळा देत नसे. परदेशात येऊन चार वर्षं झाली, पण त्यानं कुणाला 'छान' म्हटल्याचं ऐकिवात नव्हतं. आचाऱ्याच्या स्वयंपाकालाही तो 'चालेल' म्हणे.

"किती उरलं?" आचाऱ्यानं विचारलं.

स्टोअरकीपरनं दार सरकवून मागच्या चाकाकडे पाहिलं. चाकापलीकडे कड, कडेपलीकडे काहीच नाही.

"दोन हात... हात... वीत... चार बोटं! बस की आता, देवमाणसा!"

गाडी थांबली. चार खडे खाली गेले. पडल्याचा आवाज आला नाही.

"चार म्हणजे चारच ना? की भीतीपोटी हात राखून?"

"माझ्या मापात फरक नसतो."

"म्हणून तर तुम्हाला घेतलं. दुसरा कुणी हातभर आधीच ओरडला असता, आणि मग गाडीचं तोंड पुढच्या टप्प्याला लागलं नसतं."

"तुमचं कौतुक आटोपलं असेल," वायरमन डोळे मिटूनच म्हणाला, "तर चला."

आठव्या वळणावर कडेची माती ढासळली. मागचं चाक हवेत फिरलं. "हलू नका," एवढंच म्हणून आचाऱ्यानं गाडी अलगद पुढे काढली, आणि भाजीत मीठ किती विचारावं तशा आवाजात पुन्हा विचारलं, "आता किती उरलं?"

इस्पितळात वायरमनला तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेत आणलंत," आणि त्याला थेट ऑपरेशनला नेलं. तेवढ्यात पहारेकरी आला. गाडी दारातून हलवा म्हणाला.

आचाऱ्यानं चावी स्टोअरकीपरपुढे धरली. "तुम्हीच लावा हो. दोन गाड्यांच्या मधे घालायची म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो."

"इथं?" स्टोअरकीपर म्हणाला. "गोळा इथं येतो?"

तो चावी घेऊन सीटवर बसला, पाठ टेकली आणि झटकन पुढे सरकला. सीटची पाठ ओलीचिंब होती. बाहेर थंडी एवढी, की काचांवर वाफ धरली होती.

"या, या, भरपूर जागा आहे!" आचारी बाहेरून हातवारे करत होता.

स्टोअरकीपर पुन्हा मागं सरकला आणि पूर्ण पाठ टेकून बसला.