तोंडी परवानगी

“कोणाचा विश्वास बसणार नाही, पण ती बाई स्वतः म्हणाली होती, माझा फोटो दुकानावर लाव म्हणून.” फोटोवाल्या काकांनी खुर्ची पुढे ओढली.

दाखवण्यापुरता दुकानावरून काढून आणलेला तो फोटो वकीलबाईंच्या कपाटाला टेकवून ठेवला होता. पुरुषभर उंचीचा. बाजारात बसलेली बाई, कपाळावर घाम, उजवा हात कॅमेऱ्याकडे उचललेला. खाली काकांनी रंगवून घेतलं होतं, ‘या, आत या!’ अकरा वर्षं लोक या हाताच्या खुणेवर दुकान शोधत होते.

समोर त्या बाईची मुलगी बसली होती. गेल्या आठवड्यात ती पहिल्यांदाच या शहरात आली, बसमधून उतरली, आणि तीन वर्षांपूर्वी गेलेली आई दुकानावर दिसली. तिचं मागणं एकच होतं, फोटो कायमचा उतरवा.

वकीलबाई काकांच्याच. पण त्यांनीही काकांना बजावलं होतं, की बाजारात फोटो काढणं वेगळं आणि तो जाहिरातीला टांगणं वेगळं. त्याला परवानगी हवी. लेखी नसेल तर निदान तोंडी, आणि बाई नेमकं काय म्हणाल्या ते आठवा.

काका आठवायला बसले की घडलेलं बिचारं मागे पडायचं. फोटोतल्या बाईंनी म्हणे आधी केस नीट केले. मग उजव्या बाजूनेच काढ, डावा गाल सुजलाय, असं दटावलं. मग अशा हसल्या की छपरावरची कबुतरं उडाली, आणि त्यातलं एक फोटोत यायला परत आलं.

वकीलबाई भराभर लिहून घेत होत्या. मुलगी पुढे झुकून ऐकत होती.

“आवाज कसा होता हो तिचा?” तिने विचारलं.

“खणखणीत! हाक मारली की अर्धा बाजार वळून बघायचा.”

मुलीने मान खाली घातली.

“काका, माझ्या आईला जन्मात कधी बोलता आलं नाही.”

वकीलबाईंचं पेन अर्ध्या शब्दावर थांबलं.

मुलगी उठून फोटोशेजारी उभी राहिली आणि तिने आपला उजवा हात तसाच उचलला. तळवा पुढे, बोटं ताठ.

“ती हातांनी बोलायची. नको म्हणतेय ती.”