शेरा: सहकार्य नाही

"तू ओरडत नाहीस," तोंडातली नळी काढून वडील म्हणाले. "ओरडल्याशिवाय कुणी फुंकत नाही."

श्वास मोजायच्या या खोलीत त्यांनी तीस वर्षं माणसांना फुंकायला लावलं होतं. "जोरात. अजून. ताक फुंकून पिताय का?" हा आवाज पार औषधांच्या खिडकीपर्यंत जायचा. सगळं इस्पितळ त्यांना फुंकणीसाहेब म्हणे. आता त्यांच्या जागी मुलगी होती, आणि खोकला हटेना म्हणून डॉक्टरांनी त्यांनाच तिच्यापुढे बसवलं होतं. नाकाला चिमटा लावल्यामुळे ते रागावले तरी बदकासारखे वाटत होते.

"सहा सेकंद फुंकायचं, बाबा. तुम्हीच शिकवलंत."

दुसऱ्या वेळी ते दोन सेकंदांत थांबले. तिसऱ्या वेळीही तेच.

"चेष्टा पुरे. बाहेर पाच जण बसलेत."

"मुद्दामच करतोय," ते नाकात बोलले. "नाठाळ पेशंटला कशी वठणीवर आणतेस ते बघायचं होतं. नापास झालीस."

तिनं पडद्यावरच्या आलेखाकडे न बघताच शेरा मारला: रुग्णाचे सहकार्य नाही.

चष्मा वर सरकवून त्यांनी तो वाचला. "हा शेरा मी कित्येकांना दिला. आपल्या घराण्यात पहिल्यांदाच आला."

दोघंही हसले. उठताना त्यांनी टेबल धरलं आणि जरा वेळ तसेच उभे राहिले. तोवर तिनं पुढच्या पेशंटला हाक मारली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बुटाची नाडी बांधता बांधता ते गेले.

पंधरा दिवसांनी ती कामावर आली, तेव्हा डॉक्टर स्वतः तो कागद घेऊन आले.

"हा शेरा बदलावा लागेल," ते हळूच म्हणाले. "माणूस मध्येच थांबला तर रेष वरच तुटते. ही बघा, तिन्ही वेळा तळापर्यंत गेलीय. होता नव्हता तेवढा श्वास त्यांनी सोडला होता. आत तेवढाच होता."

रेष वाचायला तिला वडिलांनीच शिकवलं होतं. समोरच्या पडद्यावर त्यांनी ती तीनदा वाचली असणार.

डॉक्टर गेल्यावर तिनं दार लोटलं. समोरची खुर्ची रिकामी होती. दिवसभर परक्या माणसांना ती जो प्रश्न विचारायची, तो तिनं वडिलांना कधीच विचारला नव्हता. आता तिनं तो मोठ्यानं विचारला.

"दमलात का हो, बाबा?"