सोळापैकी चार

"बुधवारी भागवतला काढतो अन् ठाण्यात तक्रार देतो," व्यंकटराव म्हणाले. "तुझा मामा हाय म्हणून आधी तुला सांगून राहिलो."

शिवकन्या टेबलासमोर उभीच राहिली. कळमनुरीजवळच्या या हळद कारखान्याचे मालक कधी आवाज चढवत नसत. आजही चढवला नव्हता.

पुसेगावच्या खरेदी केंद्रावर तिचा भागवतमामा शेतकऱ्यांची हळद घ्यायचा. तिथं मालाची तपासणी होऊन प्रतीचा आकडा कॉम्प्युटरवर चढायचा. गाडी कारखान्यात आली, की फाटकावर पुन्हा तपासणी. गाड्या इतक्या, की दोन्ही आकडे तोंडी ताडून बघायला कुणाला सवड नसे. ते काम ऑफिसातल्या सर्व्हरवरच्या रिपोर्टचं. आणि तो रिपोर्ट निघेपर्यंत दुसरा दिवस उजाडायचा. तोवर हळद उतरून, बाकीच्या मालात मिसळून पॉलिशला गेलेली असायची. मग कळायचं, की पुसेगावहून निघालेला चांगला माल इथं हलका होऊन पोचला. कुठं बदलला? केंद्रावर, वाटेत, की कारखान्यात? सांगता येत नव्हतं. बोट मात्र मामाकडं होतं.

"गाडी फाटकात उभी असतानाच रिपोर्ट निघाला पाहिजे, साहेब," ती म्हणाली. "मग बराबर कळंल."

"नवं सर्व्हरचं मशीन आणलं की त्याच्यासाठी. का निघत न्हाई?"

"परवान्यात अडकलंय. मशीनच्या मेंदूत सोळा कोअर हाईत. कोअर म्हंजी काम करणारे हात समजा. रिपोर्टचं सॉफ्टवेअर हातागणिक परवाना मागतं. आपलं चारवरच चालू हाय. बाकीचे हात नुसते बसून हाईत."

"म्या तर मोठ्यातलं मोठं घ्या म्हणलं होतं."

मशीन मोठं घेतलंत, परवान्याला हात आखडता घेतलात, हे तिच्या ओठावर आलं होतं. तिनं ते गिळलं.

"बुधवारपर्यंत कर काय ते," ते म्हणाले.

मशीन बसलं तेव्हा ती बाळंतपणाच्या रजेवर होती. नांदेडच्या दुकानातून ते जीपमध्ये घालून मामानंच आणलं होतं. लेकरासारखं मांडीवर धरून आणलं, असं तो हसत सांगायचा. वडील गेल्यावर त्यानंच तिला शिकवलं, बी.सी.ए. केलं, व्यंकटरावांपुढं उभं करून नोकरी लावून दिली. त्या माणसावर चोरीचा आळ यावा, हे तिला बघवत नव्हतं.

व्यंकटरावांनी बुधवारची मुदत दिली त्या दिवसापासून ती सर्व्हरच्या खोलीतच बसली. रिपोर्टच्या वाटेतली इतर सगळी कामं तिनं दुसऱ्या कॉम्प्युटरवर हलवली. जुने रिपोर्ट बंद केले. थोडा फरक पडला, पण गाडी रिकामी झाल्यावरच आकडा यायचा. परवान्याला चुकवून जास्तीचे कोअर वापरायची युक्ती इंटरनेटवर सापडली. तिनं ती वाचली आणि पान बंद केलं. चोरीचा आळ पुसायला चोरी करायची नव्हती.

मंगळवारी दुपारी मामा आला. आईनं दिलेला डबा त्यानं टेबलावर ठेवला आणि समोरची खुर्ची ओढली. चार दिवसांत त्याचे गाल बसले होते.

"जेवली न्हाईस ना?"

"मामा, उद्या बुधवार हाय."

"म्हाईत हाय मला." त्यानं डबा उघडून तिच्यापुढं सरकवला. "माझ्यापायी साहेबांशी वाद घालू नको. तुझी नोकरी राहू दे. माझं काय, म्या शेतीवर जाईन."

"तुमी काही केलं न्हाई तर काहून जायचं?"

खिडकीबाहेर एक गाडी फाटकात शिरत होती, तिच्याकडं मामा बघत राहिला.

शिवकन्येचा घास हातातच राहिला. तिनं फोन उचलला.

"नांदेडला इचारते. आठ दिवसांसाठी का होईना, परवाना वाढवून द्या म्हणते. एकदा गाडी फाटकात असताना रिपोर्ट निघू द्या. सगळ्यांची तोंडं बंद होतील."

"राहू दे पोरी. कशाला कुणाचे पाय धरायचे?"

"तुमच्यासाठी धरते."

दुकानातल्या शितलनं फोन घेतला. मशीन बसवायला तीच आली होती. शिवकन्येनं तिला सगळं सांगितलं; मामा, तक्रार, बुधवार, काहीच लपवलं नाही.

शितलनं ऐकून घेतलं. मग पलीकडं कीबोर्ड वाजला.

"वाढवायचा कशाला, ताई? तुमच्या मालकांनी परवाना सोळाचाच घेतलाय. पहिल्यापासून."

"मग इथं चार काहून दिसून राहिले?"

"तसं मीच बांधून दिलंय. सेटिंगमध्ये चारचे सोळा केले, की झालं. आत्ता फोनवर सांगते, लगेच होईल."

शिवकन्येनं मामाकडं बघितलं. तो डब्याचं झाकण पुसत होता.

"पण बांधून द्या म्हणून सांगितलं कुणी?" तिनं विचारलं.

"असं काय करता, ताई, तुम्हीच की," शितल म्हणाली. "तुम्ही रजेवर होता, तुमचे मामा माझ्या शेजारी बसून म्हणाले, भाचीनं निरोप दिलाय, चारच ठेवा."