लवंगेची बाटली

चंद्रपुरातून सर्दी हद्दपार होऊन अकरा वर्षं झाली होती. प्रत्येकाच्या नाकात बसवलेल्या जाळीने धूळ अडवली, शिंका थांबवल्या आणि वासही नेला. पुढे जाळ्या काढल्या, तरी वास परतला नाही. वैद्य रेवती खनके रोज रोग्यांच्या नाकात कोमट तेल सोडायच्या आणि मग लवंग, कापूर, लिंबू, गुलाब असे चार अर्क हुंगायला द्यायच्या.

आज येरमेकाकूंनी बाटली नाकाशी धरली आणि त्या रडायलाच लागल्या. "मॅडम, आला जी! लवंगेचा वास आला!"

चार महिन्यांत वास परत आलेला हा सातवा रोगी. रेवतीताई धावतच शेजारच्या खोलीतून कान-नाक-घशाच्या डॉक्टर शेखांना घेऊन आल्या. डॉक्टरांनी बाटली हातात घेतली आणि तिच्या तोंडावर नख टेकवलं. तिथलं पारदर्शक सील या चार महिन्यांत कुणी फोडलंच नव्हतं.

रेवतीताईंनी ते टराटरा फाडलं, बाटली स्वतःच्या नाकाशी नेली आणि छाती भरेपर्यंत श्वास ओढला. काहीच नाही.

काकू डोळे पुसत त्यांच्याकडे बघत होत्या. "येतो ना जी, मॅडम?"

"येतो की," रेवतीताई म्हणाल्या, अगदी त्या सात जणांसारखंच.